विल्की कॉलिन्स : साक्ष, सत्य आणि व्हिक्टोरियन रहस्यकथा

१

व्हिक्टोरियन रहस्यकथा म्हटली की शेरलॉक होम्सचे नाव प्रथम आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आर्थर कॉनन डॉइलचा हा नायक १८८७ साली वाचकांसमोर आला, तेव्हा इंग्रजीतील रहस्यप्रधान कादंबरीचा पाया घातला जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. हा पाया घालणाऱ्यांत विल्की कॉलिन्स (१८२४-१८८९) याचे स्थान अग्रभागी आहे. 'द वुमन इन व्हाइट' (१८६०) आणि 'द मूनस्टोन' (१८६८) या त्याच्या दोन कादंबऱ्या आजही वाचल्या आणि अभ्यासल्या जातात.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. रहस्यकथेचे आकर्षण केवळ रहस्याच्या उलगड्यात असते असे मानले, तर उलगडा कळल्यानंतर तिचे काम संपावयास हवे. 'द मूनस्टोन'मधील हिरा कोणी नेला हे ठाऊक असलेला वाचकही ती कादंबरी पुन्हा हाती घेतो. तेव्हा तिच्या आकर्षणाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. कॉलिन्सच्या कादंबरीत घटना एकाच सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडून कळत नाही. ती अनेक साक्षीदारांच्या जबान्यांतून तुकड्यातुकड्यांनी हाती येते, आणि साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची साक्ष अपुरी ठरते. ही दृष्टी त्याला कशी लाभली हे त्याच्या चरित्रावरून समजते. त्या चरित्रातही एक साक्ष अशी आहे, की ती खुद्द कॉलिन्सची असूनही तपासून घ्यावी लागते.

२

विल्यम विल्की कॉलिन्सचा जन्म ८ जानेवारी १८२४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम कॉलिन्स हे निसर्गचित्रकार म्हणून नावाजलेले आणि रॉयल अकॅडमीचे सदस्य होते. त्यांचे मित्र, चित्रकार डेव्हिड विल्की यांच्या नावावरून मुलाला हे नाव मिळाले. घरातील वातावरण कलेचे, तसेच कडक धर्मनिष्ठेचेही होते. मुलाने कला घेतली, धर्मनिष्ठा मात्र घेतली नाही. बाह्य सदाचाराआड दडलेल्या दांभिकतेविषयीचा त्याचा तिटकारा पुढे त्याच्या अनेक पात्रांतून प्रकट झाला.

१८३६ ते १८३८ या काळात हे कुटुंब फ्रान्स आणि इटलीत राहिले. शाळेतील शिक्षणापेक्षा या प्रवासात आपण अधिक शिकलो, असे कॉलिन्स पुढे मानीत असे. परत आल्यावर त्याला लंडनजवळच्या हायबरी येथील वसतिशाळेत घालण्यात आले. तेथे खोलीतील एक दांडगा विद्यार्थी रोज रात्री त्याच्याकडून सक्तीने गोष्ट सांगवून घेई आणि गोष्ट न सांगितल्यास मार देई. आपल्यातील कथनशक्ती प्रथम या छळातून जागी झाली, असे कॉलिन्सने पुढील आयुष्यात सांगितले आहे. श्रोत्याची उत्सुकता ताणून धरणे ही त्या मुलाची गरज होती. पुढे साप्ताहिकातून क्रमशः लिहिणाऱ्या लेखकाचीही तीच गरज झाली.

१८४१ साली तो लंडनमधील चहाच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागला. काम रुक्ष होते. त्यातून वेळ काढून तो लिहीत असे. त्याची पहिली ज्ञात कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. १८४६ साली त्याने लिंकन्स इन येथे कायद्याच्या अभ्यासासाठी नाव घातले आणि १८५१ साली तो बॅरिस्टर झाला. वकिली त्याने केली नाही. तथापि कायद्याचा हा परिचय त्याच्या लेखनास निर्णायक वळण देणारा ठरला. मृत्युपत्र, विवाहकरार, वारसा आणि औरसपणाचा दाखला या बाबी त्याच्या कादंबऱ्यांत कथानकाचा कणा होतात. कोणत्या साक्षीला किती मोल द्यावयाचे, हा प्रश्नही तेथूनच आला.

१८४७ साली वडिलांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कॉलिन्सने लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. हे त्याचे पहिले पुस्तक. पत्रे, दैनंदिनी आणि परिचितांच्या आठवणी यांच्या आधारे एक आयुष्य उभे करण्याचा अनुभव त्याला या लेखनाने दिला. १८५० साली 'अँटोनिना' ही ऐतिहासिक कादंबरी आली आणि लेखक हाच त्याचा व्यवसाय ठरला.

३

मार्च १८५१ मध्ये चित्रकार ऑगस्टस एग याच्यामार्फत कॉलिन्सची चार्ल्स डिकन्सशी ओळख झाली. निमित्त हौशी नाट्यप्रयोगाचे होते. डिकन्स त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा आणि कीर्तीच्या शिखरावर होता. या ओळखीचे निकट मैत्रीत रूपांतर झाले. कॉलिन्स डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात लिहू लागला आणि १८५६ साली त्याच्या संपादकवर्गात दाखल झाला. कॉलिन्सचा धाकटा भाऊ चार्ल्स याचा विवाह १८६० साली डिकन्सची कन्या केट हिच्याशी झाला.

याच साप्ताहिकातून १८५० साली डिकन्सने लंडनच्या गुप्तपोलिसांविषयी लेख लिहिले होते. लंडनच्या पोलीस दलात गुन्ह्यांच्या तपासासाठी स्वतंत्र शाखा १८४२ साली स्थापन झाली. तिच्यात दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट एवढीच माणसे होती. साध्या वेषात वावरणारा आणि प्रसंगी प्रतिष्ठितांच्या घरात शिरून कपाटे तपासणारा हा सरकारी माणूस मध्यमवर्गाला हवाही होता आणि नकोही होता. व्हिक्टोरियन रहस्यकथेतील ताण या दुहेरी भावनेतून आला. घर हे पवित्र आणि खासगी स्थान मानणाऱ्या समाजात घराच्या आत गुन्हा घडतो आणि तो उघड करण्यासाठी परका मनुष्य आत येतो, ही कल्पनाच अस्वस्थ करणारी होती.

कॉलिन्सने या वाटेने लहान लहान प्रयोग केले. 'द डायरी ऑफ अ‍ॅन रॉडवे' (१८५६) या कथेत एक गरीब शिवणकाम करणारी मुलगी आपल्या मैत्रिणीच्या मृत्यूचा माग काढते. १८५८ सालच्या 'हू इज द थीफ?' या विनोदी कथेत तपासाची हकीकत पोलिसांच्या पत्रव्यवहारातून उलगडते, आणि स्वतःला हुशार समजणाऱ्या तपासनिसाचा अहवालच त्याची फजिती उघड करतो. पुढील कादंबऱ्यांचे तंत्र या कथांत बीजरूपाने दिसते.

याच काळातील आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडमध्ये सूडाची भावना उसळली होती आणि डिकन्सही तिच्यापासून अलिप्त नव्हता. फेब्रुवारी १८५८ मध्ये कॉलिन्सने 'अ सर्मन फॉर सिपॉइज' हा लेख लिहिला. हिंदुस्थानातील लोकांना नीतीचा उपदेश करावयाचा तर तो त्यांच्याच परंपरेतील कथांमधून करता येईल, असे सुचवून त्याने शाहजहानच्या काळातील एक बोधकथा सांगितली. लेखाचा सूर उपदेशाचा आणि राज्यकर्त्यांच्या चौकटीतलाच आहे. तरीही त्या दिवसांतील वातावरणाच्या तुलनेने तो संयत होता. दहा वर्षांनंतर लिहिलेल्या कादंबरीचा विचार करताना हा लेख ध्यानात ठेवावा लागतो.

४

'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० या काळात डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या कथानकाचा एक आधार फ्रेंच न्यायालयीन खटल्यांच्या एका जुन्या संग्रहात होता. डिकन्ससोबत पॅरिसमध्ये भटकत असताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो कॉलिन्सच्या हाती लागला होता. वारशाच्या लोभाने एका स्त्रीला खोट्या नावाने डांबून ठेवल्याची आणि जगाच्या दृष्टीने ती मृत ठरल्याची ती हकीकत होती. कादंबरीची रचना मात्र कॉलिन्सची स्वतःची. न्यायालयात साक्षीदार जसे एकामागून एक उभे राहतात आणि ज्याला जेवढे प्रत्यक्ष ठाऊक तेवढेच सांगतात, त्या पद्धतीने ही कादंबरी सांगितली आहे.

यामुळे वाचक न्यायाधीशाच्या जागी जाऊन बसतो. कोणाची जबानी कोठे संपते, कोण काय गाळतो, कोणाची भाषा काय लपविते, हे त्याला ठरवावे लागते. नायिका लॉरा हिची ओळखच पुसली गेली आहे, आणि विवाहित स्त्रीच्या संपत्तीवर पतीचा हक्क मानणारा तत्कालीन कायदा गुन्हेगाराला साहाय्यभूत होतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे कायदे ब्रिटनमध्ये १८७० आणि १८८२ साली झाले. कादंबरी त्यापूर्वीची आहे. येथील गुन्हा हा एखाद्या दुष्टाच्या लहरीतून उद्भवत नाही. समाजाच्या मान्य व्यवस्थेतच त्याला जागा आहे. या कादंबरीची लोकप्रियता एवढी वाढली, की तिच्या नावाची टोपडी आणि अत्तरे बाजारात आली. १८६१ साली एका प्रकाशनसंस्थेने पुढील एका कादंबरीसाठी कॉलिन्सला पाच हजार पौंड देऊ केले. ही कादंबरी म्हणजे 'आर्मडेल' (१८६६). त्याआधी आलेल्या 'नो नेम'मध्ये अनौरस ठरलेल्या मुलींच्या हक्कांचा प्रश्न होता.

५

जून १८६० च्या अखेरीस, ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच, विल्टशरमधील रोड हिल हाउस या घरात चार वर्षांचाही नसलेल्या एका मुलाचा खून झाला. गुन्हेगार घरातलाच असणार, हे उघड होते. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन विचर या इन्स्पेक्टरने मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला. रात्रीचा एक अंगरखा नाहीसा झाला होता, हे त्याच्या तर्काचे मुख्य सूत्र होते. पुराव्याअभावी मुलगी सुटली. एका प्रतिष्ठित घरातील मुलीवर आळ घेतल्याबद्दल विचरवर टीकेचा भडिमार झाला आणि १८६४ साली तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सने गुन्ह्याची कबुली दिली.

'द मूनस्टोन'मध्ये या प्रकरणाच्या खुणा स्पष्ट आहेत. रेचेल व्हेरिंडर या तरुणीला वाढदिवशी मिळालेला हिरा त्याच रात्री नाहीसा होतो. दारावरील ओल्या रंगाला कोणाचे तरी वस्त्र लागलेले असते. स्थानिक अधिकारी ती बाब क्षुल्लक ठरवितो; लंडनहून आलेला सार्जंट कफ मात्र तिलाच तपासाचे केंद्र करतो आणि रंग लागलेला अंगरखा शोधू लागतो. कृश देहाचा, गुलाबांच्या बागांवर प्रेम करणारा हा सार्जंट पुढील अनेक काल्पनिक गुप्तहेरांचा पूर्वज मानला जातो. मात्र त्याचा मुख्य निष्कर्ष चुकतो, ही बाब महत्त्वाची आहे. हिरा रेचेलनेच लपविला, असे तो मानतो. तिचे मौन त्याने अचूक टिपलेले असते. त्या मौनाचे कारण त्याला कळत नाही.

कारण असे, की रेचेलने आपल्या प्रियकराला, फ्रँकलिन ब्लेकला, हिरा घेताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. तिची साक्ष खरी आहे आणि तरीही तिने काढलेला अर्थ खोटा आहे. ब्लेकला नकळत अफू देण्यात आली होती. त्या अमलाखाली, हिरा सुरक्षित राहावा या चिंतेने, त्याने तो उचलला आणि त्याची स्मृती त्याला राहिली नाही. चोराचा शोध सर्वाधिक कळकळीने घेणारा मनुष्यच अखेर स्वतःच्या नावाच्या अंगरख्यावर तो डाग पाहतो. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार चुकतो, निष्णात गुप्तहेर चुकतो, आणि स्वतःविषयी खात्रीने बोलणारा मनुष्यही चुकतो. रहस्यकथेच्या प्रारंभकाळातच कॉलिन्सने तिला या मर्यादेपर्यंत नेले होते.

उलगडा होतो तो एझ्रा जेनिंग्ज या डॉक्टरच्या साहाय्यकामुळे. तो मिश्र वंशाचा, लोकनिंदेने पोळलेला, असाध्य रोगाने ग्रस्त आणि वेदनाशमनासाठी अफूवर अवलंबून असलेला मनुष्य आहे. आजारी डॉक्टरच्या तापातील असंबद्ध शब्द तो टिपून ठेवतो आणि त्यांतील रिकाम्या जागा भरून अर्थ लावतो. प्रतिष्ठित समाजाने ज्याला साक्षीसही अपात्र मानले असते, त्याच्याच हातून सत्याची संगती लागते.

६

जेनिंग्जच्या चित्रणात कॉलिन्सची स्वतःची व्यथा उतरली आहे. संधिवाताने तो अनेक वर्षे ग्रासलेला होता आणि लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, हे त्याचे नित्याचे औषध झाले होते. ब्रिटनमध्ये हा अर्क तोवर सहज विकत मिळे. त्याच्या विक्रीवर बंधने घालणारा कायदा नेमका १८६८ सालचा आहे. 'द मूनस्टोन' जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः येत असताना मार्चमध्ये कॉलिन्सच्या आईचा मृत्यू झाला, आणि त्याच सुमारास दुखण्याचा तीव्र झटका येऊन तो अंथरुणास खिळला. १८७१ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने या दिवसांचे वर्णन केले आहे. वेदनेच्या कळा येत असता आपण मजकूर तोंडी सांगून लिहविला, असे तो म्हणतो. पुढे या हकीकतीत भर पडली. त्याचे विव्हळणे ऐकवेनासे होऊन एकामागून एक लेखनिक काम सोडून गेले, आणि अखेर एका धीट तरुणीने ते पार पाडले, असेही सांगितले जाऊ लागले. कादंबरीचा शेवट पूर्ण झाल्यावर तो आपलाच आहे हे आपल्याला ओळखू आले नाही, असे कॉलिन्सने म्हटल्याचे एका अभिनेत्रीने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

हस्तलिखित मात्र निराळी साक्ष देते. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात जतन केलेल्या या हस्तलिखितात काही थोडी पाने वगळता सर्वत्र कॉलिन्सचेच अक्षर आहे. तेव्हा तोंडी लिहविल्याची हकीकत मोठ्या प्रमाणावर अतिशयोक्त ठरते. ती जाणूनबुजून रचली, असे समजण्याचे कारण नाही. आजार खरा होता, दुःख खरे होते, अफूही खरी होती. स्मृतीने त्या दिवसांना जे रूप दिले ते त्याला सत्य वाटले असेल. ब्लेकला जसे स्वतःचे कृत्य ठाऊक नसते, तसेच येथे लेखकाचे स्वतःच्या लेखनाविषयी झाले. अभ्यासकांनी कथा बाजूस ठेवून कागद पाहिला, ही पद्धत कॉलिन्सनेच आपल्या वाचकांना शिकविली होती.

७

'द मूनस्टोन'ची सुरुवात लंडनमध्ये होत नाही. ती १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या पाडावात होते. जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी टिपू सुलतानाच्या शस्त्रागारात तीन रक्षकांचे रक्त सांडून हिरा हस्तगत करतो. हा हिरा मुळात सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीचा असल्याचे कादंबरी सांगते. मूर्ती आणि हिऱ्याची आख्यायिका कल्पित आहे. सोमनाथचे नाव मात्र इंग्रज वाचकाला परिचित होते. १८४२ साली गव्हर्नर जनरल एलेनबरो याने सोमनाथची म्हणून गझनीहून दारे आणविली होती आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत वाद माजला होता. पंजाब खालसा झाल्यावर १८४९ साली कोहिनूर इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तो लाखो लोकांनी पाहिला. कॉलिन्सने आपल्या प्रस्तावनेत कोहिनूरचा निर्देश केला आहे.

या पार्श्वभूमीवर कादंबरीचा शेवट पाहण्यासारखा आहे. हिरा इंग्रज वारसदारांकडे परत जात नाही. हिऱ्याच्या मागावर आलेले तीन ब्राह्मण तो काठेवाडात नेऊन मूर्तीस अर्पण करतात, आणि कादंबरी तो तेथेच ठेवते. त्यासाठी ते खून करतात, आणि त्यांचे चित्रण गूढरम्य पौर्वात्याचे आहे. या अर्थी कॉलिन्स आपल्या काळाच्या कल्पनांतून मुक्त नव्हता. परंतु चोरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तो एका रात्रीपुरते मर्यादित ठेवत नाही. व्हेरिंडर कुटुंबाच्या घरातील चोरीमागे शस्त्रागारातील लूट उभी आहे, आणि मूळ गुन्ह्याचा उच्चार त्याने पहिल्याच प्रकरणात केला आहे. कॉनन डॉइलच्या 'द साइन ऑफ फोर' (१८९०) या कादंबरीतही १८५७ च्या काळातील आग्र्याचा खजिना आहे. तो अखेर थेम्स नदीत फेकला जातो आणि मालकीचा प्रश्न पाण्यात बुडतो. कॉलिन्सने तो प्रश्न बुडू दिला नाही.

८

कॉलिन्सचे खासगी आयुष्यही त्याच्या कादंबरीतील बंद खोल्यांसारखे होते. १८५८ च्या सुमारापासून कॅरोलिन ग्रेव्ह्ज ही विधवा आपल्या मुलीसह त्याच्याबरोबर राहत असे. त्याने तिच्याशी विवाह केला नाही. ऑक्टोबर १८६८ मध्ये, 'द मूनस्टोन' पूर्ण झाल्यावर थोड्याच महिन्यांनी, तिने दुसऱ्याशी लग्न केले. १८७१ पर्यंत ती परत कॉलिन्सच्या घरी आली होती. दरम्यान मार्था रड या तरुणीशी त्याचे संबंध जुळले आणि तिच्यापासून त्याला तीन मुले झाली. तिच्या घरी तो डॉसन या नावाने वावरत असे. 'द मूनस्टोन'मधील खरा अपराधी गॉडफ्रे एबलव्हाइट हा दानशूर म्हणून मिरवतो आणि उपनगरात गुपचूप दुसरे बिऱ्हाड ठेवतो. दुहेरी आयुष्य जगणाऱ्याला खलनायक करणारा लेखक त्याच सुमारास स्वतः तशा आयुष्यात शिरत होता. मात्र एबलव्हाइटप्रमाणे त्याने नीतिमत्तेचा आव कधी आणला नाही, आणि कोणाला वाऱ्यावरही सोडले नाही.

१८७० साली डिकन्सचे निधन झाले. १८७३-७४ मध्ये कॉलिन्सने अमेरिकेत आपल्या कथांचे जाहीर वाचन केले. 'द लॉ अँड द लेडी' (१८७५) या कादंबरीत पतीवरील खुनाचा कलंक धुऊन काढण्यासाठी स्वतः तपास करणारी पत्नी त्याने उभी केली. पुढील काळात अफूचे प्रमाण वाढत गेले, दृष्टी मंदावली आणि लेखनाची घडी विस्कटली. २३ सप्टेंबर १८८९ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. 'ब्लाइंड लव्ह' ही अपूर्ण कादंबरी त्याच्या टिपणांवरून वॉल्टर बेझंटने पूर्ण केली. कॉलिन्सने मृत्युपत्रात आपली संपत्ती दोन्ही घरांत विभागून दिली आणि मार्थाची मुले आपली असल्याचे मान्य केले. 'नो नेम'मध्ये मृत्युपत्राच्या अभावी देशोधडीला लागलेल्या अनौरस मुलींची कथा लिहिणाऱ्याने ती चूक स्वतःच्या घरात होऊ दिली नाही. केन्सल ग्रीन येथे त्याच्याच थडग्यात १८९५ साली कॅरोलिनला पुरण्यात आले. त्यानंतर त्या थडग्याची निगा मार्था राखीत असे.

९

कॉलिन्सला गंभीर समीक्षेत स्थान मिळण्यास वेळ लागला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टी. एस. एलियटने 'द मूनस्टोन'ची गणना इंग्रजी गुप्तहेर कादंबरीतील आद्य आणि सर्वोत्कृष्ट कृतींत केली. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने त्याचे चरित्र लिहावयास घेतले, ते अपूर्ण राहून १९७७ साली प्रसिद्ध झाले. पुढील काळात स्त्रीविषयक कायदे, वसाहतवाद आणि निवेदनतंत्र या तिन्ही अंगांनी त्याच्या कादंबऱ्यांचा अभ्यास होऊ लागला.

होम्सच्या कथांत सत्य अखेर एका असामान्य बुद्धीच्या हाती सापडते आणि वाचक त्या बुद्धीकडे विस्मयाने पाहतो. कॉलिन्सच्या कादंबरीत अशी बुद्धी नाही. तेथे नोकर, वकील, धर्मवेडी नातेवाईक आणि अफूने जर्जर झालेला डॉक्टरचा साहाय्यक आपापला तुकडा आणून ठेवतात, आणि ते जुळविण्याचे काम वाचकाला सोबत घेऊन होते. हिरा कोणी नेला हे कळल्यावर हे काम संपत नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक जबानीतील गाळलेली जागा अधिक स्पष्ट दिसू लागते, आणि आपण पहिल्या वेळी कोणावर व का विश्वास ठेवला, याचा हिशेब वाचकाला द्यावा लागतो. व्हिक्टोरियन रहस्यकथेच्या टिकाऊ आकर्षणाचे एक कारण येथे आहे.